भारूडवाल्या बुवांचा उतारा

आमच्या गावाचा पाहुणचार फार मोठा, असं आमच्याकडे राहून गेलेले कलावंत माईकवरून सांगतात. ज्या बाईने त्यांच्या आंघोळीचं पाणी काढलं, त्यांच्या उपासाचं वेगळं शिजवलं आणि त्यांचे घामट झब्बे वाळत घातले, तिला मात्र कुणी माईक देत नाही. दिला असता तर मी एवढंच सांगितलं असतं, की मला ही माणसं घरात नको असतात. पूर्वीही नको असायची.

आमचं गाव मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे. नवरात्रात देवीपुढे रोज कार्यक्रम असतो. आधी भजनं आणि गवळणी, मग एखादा शाहीर, आणि शेवटच्या तीन रात्री भारूड. गावात लॉज नाही आणि शेवटची एसटी कार्यक्रमाला थांबत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या कलावंतांना घराघरांत उतरवतात. त्याला आमच्याकडे उतारा म्हणतात. जमिनीचा सातबारा तोही उताराच, आणि कुणाला बाधा झाली की भात-लिंबू ओवाळून तिकटीवर ठेवतात तोही उताराच. सातबारा जपून ठेवायचा असतो, तिकटीवरचा ओलांडायचा नसतो. घरी येणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, आणि तिन्हींत तेच अवघड.

आमच्याकडे उतारा पडतो तो गिझरमुळे. मुलगा चाकणला कंपनीत लागला तेव्हा त्याने पहिल्या पगारातून गिझर आणून बसवला. त्याला वाटलं आईचं सुख. त्या वर्षापासून प्रत्येक नवरात्रात माझ्या पडवीत कुणी ना कुणी घोरत असतं.

परवाच्या नवरात्रात मी आधीच ठरवलं होतं, की यंदा नाही. कारण लेक घरी आली होती.

ती आषाढात आली. दोन वर्षांपूर्वी तिला खाली भोंगवलीच्या बाजूला दिली होती. एक दिवस दुपारच्या एसटीने एकटी आली, बॅग पडवीत ठेवली आणि म्हणाली, "आई, थोडे दिवस राहते." तिच्या सासरी काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. मला आणि तिच्या बापाला तिने सांगितलं तेवढं पुरे होतं. गावाला आम्ही सांगितलं की बी.एड.च्या परीक्षेला आली आहे, सासरी अभ्यास होत नाही. परीक्षा संपून कितीतरी दिवस झाले होते. पण गावात बी.एड.चं वेळापत्रक कुणाला पाठ आहे?

लपवलं ते लाजेपायी नाही. आमच्याच आळीतली एक पोर अशीच सासरहून निघून आली होती. तिच्या आईने चार जणींना विश्वासाने सांगितलं. आठवडा गेला नाही तोच आळीतले पाच पुरुष जीप करून तिला सासरी सोडून आले. समजूत काढली म्हणे. जाताना जीपमध्ये पेढ्यांचा पुडाही होता. आता ती कशी आहे विचारलं तर तिची आई म्हणते, "नांदतीया." एवढ्या एका शब्दावर गप्प बसायचं असतं.

माझ्या लेकीच्या सासरच्यांनी फोनवर कळवलं होतं, की दसऱ्यानंतर बैठक घेऊ. बैठक आहे, हे गावाला आधी कळलं असतं तर निम्मं गाव बसलं असतं, जीपच्या तयारीने. म्हणून तोवर तोंड बंद ठेवायचं होतं. घरातली तीन माणसं सोडून चौथ्याला कळू द्यायचं नव्हतं. आणि नेमका तेव्हाच मंडळाचा अध्यक्ष दारात आला. हा माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ.

"वैनी, भारूडवाल्या बुवांचा उतारा तुमच्याकडं टाकलाय."

"अवंदा नको भावजी. जागा न्हाई."

"जागा न्हाई? पोरगा चाकणला, खोल्या तीन, आन जागा न्हाई?"

"लेक हाय. तिचा आभ्यास चाललाय."

"मग बुवा काय तिच्या शेजारी वही घिऊन बसनार हायेत व्हय? पडवीत टेकत्याल बिचारं."

"तुमच्याकडं टेकवा की."

"आमच्याकडं गिझर न्हाई."

"बंब हाय."

"कलाकार मानूस हाय वैनी. पहाटं बंब पेटवायला कोन उठनार?"

"तुमी उठा. अध्यक्ष हायसा ना?"

तो हसला. अध्यक्षाला हसून मोकळं होता येतं. नवरा ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "येऊ दे की. तीन रातींचा तर सवाल हाय." मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो गोठ्याकडे निघून गेला होता.

बुवा आले ते सातव्या माळेला सकाळी, पहिल्या एसटीने. पन्नाशीचा माणूस, अंगाने वाळका, आवाज मात्र हौदातून आल्यासारखा. ढोलकीवाला आणि झांजवाला देवळाच्या सभामंडपात उतरले, बुवा आमच्याकडे. आल्याआल्या त्यांनी सांगितलं, "आक्का, आपला काय तरास न्हाई. उपास हाय, भगर चालंल, शेंगदाण्याची आमटी चालंल, राजगिऱ्याची भाकर आसंल तर झकासच." त्रास नसलेल्या माणसाची यादी अशीच असते.

घराला लागून माझी पिठाची गिरणी आहे. नवरा शेती बघतो, गिरणी मी चालवते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी ती उघडून, दगड झाडून, पुसून घेते, आणि नऊ दिवस सकाळी आधी उपासाचं दळण घेते, मग गहू-ज्वारी. कुणी गव्हाचा डबा पुढे सरकवला की मला ओरडावं लागतं, कारण गव्हाची चिमूट वरीत गेली की एखाद्या म्हातारीचा नऊ दिवसांचा उपास मोडतो आणि ती वर्षभर माझ्या नावाने बोटं मोडते. गिरणीच्या आवाजावर चढवून ओरडायचं, म्हणजे कसं ओरडावं लागत असेल!

बुवा हातपाय धुऊन लगेच गिरणीच्या बाकड्यावर येऊन बसले. डबे घेऊन आलेल्या बायका, त्यांच्या गप्पा, मध्ये बुवा. मला वाटलं, वेळ घालवताहेत. ते कामावर बसले होते हे मला रात्री समजलं.

त्यापूर्वी एक गोष्ट झाली. लेक बुवांना चहा घेऊन आली. गळ्यात मंगळसूत्र होतं, कारण परीक्षेला आलेली लेक मंगळसूत्र काढून कशी ठेवेल? बुवांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "च्या झकास झालाय सूनबाई."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर मुलाचा फोटो होता. मी लेकीला कामं सांगत होते ती माझ्या नेहमीच्या आवाजात, त्यामुळे बुवांनी सून समजणं साहजिक होतं. बाकड्यावर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "साखर कमी न्हाई ना?"

बुवा म्हणाले, "एकदम बराबर."

झालं. सून घरात असते, तिच्याविषयी कुणी काही विचारत नाही. लेक घरात असली की पहिला प्रश्न, आलीस कधी, आणि दुसरा, जाणार कधी. तीन रात्रींच्या पाहुण्याने सून समजलं तर बरंच. दोन्ही प्रश्न वाचले. लेक आत जाऊन हसली. आषाढानंतर ती पहिल्यांदा हसली, म्हणून मीही विषय वाढवला नाही.

संध्याकाळी बुवांनी जुनी साडी मागितली. त्यांची नऊवारी म्हणे ट्रंकेत कुजली होती. मी नाही म्हणायच्या आत नवऱ्याने माझी एक जांभळी साडी काढून दिली.

रात्री भारूड सुरू झालं. बुवा माझी साडी नेसून, पदर खोचून पुढे आले. भुवयांना पीठ लावलेलं. डोक्याचा घाम मनगटाच्या मागच्या बाजूने पुसला. मी तो तसाच पुसते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मग त्यांनी हात वर केला आणि ओरडले, "कुनाचा डबा? झाकन कुठाय? ए बाई, गहू मागं घे! उपासाचं आधी!"

मंडपात हशा फुटला. पुरुष मांड्यांवर थापा मारत होते. बायका तोंडाला पदर लावून आधी हसत होत्या आणि मग माझ्याकडे वळून बघत होत्या. बुवांनी माझा सगळा दिवस काढला. डब्यात बोट घालून पीठ कसं बघते, उधारीवर दळण नेणाऱ्या बाईकडे कसं न बघता बघते, वीज गेली की बोर्डाच्या माणसाच्या सात पिढ्या कशा काढते. मी हसण्यासारखं तोंड केलं आणि तसंच धरून ठेवलं. नवरा खरोखरच हसत होता.

सकाळी गिरणीवर जी येईल ती डबा ठेवायच्या आधी म्हणायची, "उपासाचं आधी!" शाळेत जाणारी पोरंही रस्त्यावरून ओरडत गेली. अध्यक्ष मोबाईल पुढे करून सांगत होता, "वैनी, पोरांनी यूट्यूबला टाकलंय. एकदम हिट!"

बुवा भगर खायला बसले तेव्हा मी ताट ठेवलं आणि विचारलं, "बुवा, जेवन माझं, साडी माझी, आन नक्कलबी माझीच का?"

"आक्का, दुसऱ्याच्या घरी जेवून तुमची नक्कल केली तर ती चोरी. तुमच्या घरी जेवून केली, तर त्यो मान."

"मला नको तसला मान."

"आसं बगा," बुवा आमटी ओतून घेत म्हणाले, "मी गावात येतो तवा गाठोडं रिकामं आसतं. ज्या गावात उतरलो तितलंच पीठ तितंच मळायचं. शिळं चालत न्हाई. लोक स्वताला बगून हसत्यात, दुसऱ्याला बगून नुसतं बसत्यात."

"मग पुढच्या पिठाला दुसरं घर बगा. माझ्या घरातलं आता काय घ्यायचं न्हाई."

"बरं," बुवा म्हणाले. राग नव्हता त्यांना. अजून थोडी भगर मागितली.

त्यांनी शब्द पाळला, एक रात्र. दुसऱ्या रात्री अध्यक्षाचा नंबर लागला. पावती पुस्तक काखेत, फोन दोन, आणि देवीपुढे हात जोडतानाही एका डोळ्याने कॅमेरा शोधणारा. मी पोटभर हसले. अध्यक्ष हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ठरवून टाकलं, की शेवटच्या रात्री बुवांनी पुन्हा गिरणीवालीच करायची. "पब्लिकची मागनी हाय," असं तो मला तोंडावर सांगून गेला. पब्लिक म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती.

मी बुवांना पुन्हा बजावलं. ते म्हणाले, "आक्का, मंडळ सांगंल ते करावं लागतं. पन तुमच्यावर जास्त न्हाई ठेवत. येक जोडीदार घेतो, म्हंजी तुमच्यावरचं वजन कमी हुईल." जोडीदार कोण ते मी विचारलं नाही. मला वाटलं नवऱ्याला घेतील. घेतलंच पाहिजे होतं.

शेवटच्या रात्री मंडप भरला होता. वरच्या वाड्यांवरून धनगर मंडळीही आली होती, घोंगड्या पांघरून कडेला बसलेली. लेक बायकांमध्ये खांबाजवळ बसली होती, मी दोन ओळी पुढे. बुवा माझ्या जांभळ्या साडीत आले. "उपासाचं आधी!" झालं, टाळ्या झाल्या. मग त्यांनी डोक्यावरून पदर ओढला, दोन पावलं बाजूला सरकले, मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणाले, "आई, च्या ठेवू का?"

ती माझी लेक होती. मान खाली घालून, बोटाने मंगळसूत्राचा मणी फिरवत उभी राहते, अगदी तशी.

बुवा एकदा सासू होत, एकदा सून.

"अगं सूनबाई, भाकर थापतीस का फोन थापतीस?"

"भाकरच थापतीया आई, फोन नुसता उलटा ठिवलाय."

"उलटा का?"

"सुलटा ठिवला की वाजंल याची वाट बगावी लागती."

बायका हसल्या. वाक्य बुवांनी कुठून उचललं ते मला कळलं. माझी लेक आषाढापासून फोन उलटाच ठेवते. या माणसाने तीन दिवसांत ते पाहिलं होतं आणि त्याचा विनोद करून मोकळा झाला होता.

"आगं पन तुजा दादला कुटं हाय? चाकनला? का मोबाईलातच नांदतोय?" सासूने विचारलं, आणि बुवांनी हात पसरून मंडपाकडे पाहिलं. भारुडात असं करतात. प्रश्न लोकांकडे टाकतात, लोक काहीतरी ओरडतात, मग पुढे जातात.

पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "अवो बुवा, ती सून न्हवं! लेक हाय, लेक!"

बुवांवर सगळे हसले. बुवांची चूक झाली याचाच आनंद मोठा. पण बुवा मुरलेला माणूस, चूक झाली की तिच्यातूनच पुढचं काढायचं ही त्यांची सवय. डोक्यावरचा पदर खाली घेतला, कपाळावर हात मारला. "आगं बया! लेक व्हय? मग हितं काय करती?"

"परीक्षा हाय तिची," माझा नवरा म्हणाला. हळू म्हणाला, पण ऐकू गेलं.

आणि मागून एक बाईचा आवाज आला. भिंतीला भिंत लावून राहणारी माझी शेजारीण. "आषाढापासनं हाय हितं. कसली येवडी परीक्षा?"

आता कुणी हसत नव्हतं आणि गप्पही नव्हतं. मंडपात ती कुजबुज सुरू झाली, जी सुरू झाली की सकाळपर्यंत घराघरांत जाते. माना एकेक करून खांबाकडे वळल्या. बुवांना आत काय शिजतंय ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की लोक जागे झालेत आणि प्रश्न चालला आहे. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि माझ्या आवाजात, माझ्याच तोंडाकडे बघत विचारलं, "मंग गिरणीवाले, लेकीला नांदायला कवा धाडायची?"

तिथे ढोलकी पडायला हवी होती. ढोलकीवाला कुजबुज ऐकण्यात गुंतला होता. जागा रिकामी राहिली.

मी म्हणाले, "जायची न्हाई."

बसल्या जागेवरून म्हणाले. ओरडले नाही, पण गिरणीवर पंधरा वर्षं काढलेला आवाज आहे, तो शेवटच्या घोंगडीपर्यंत गेला. आणि तेव्हा ढोलकीवाल्याला जाग आली, त्याने सवयीने थाप मारली, आणि काही लोक हसले, त्यांना वाटलं हे आधीच ठरलेलं होतं. मग त्यांनी शेजाऱ्याचं तोंड पाहिलं आणि तेही थांबले.

बुवांनी आखडतं घेतलं. देवीचं नाव घेऊन दोन कडवी म्हटली आणि आरतीला गेले. मी उठून पाहिलं तर खांबाजवळ लेक नव्हती.

घरी ती चुलीपाशी बसली होती. मला वाटलं रडत असेल. रडत नव्हती.

"तुला कुणी सांगितलं मी जाणार नाही म्हणून?"

"म्हंजी?"

"मी तुला कधी म्हणाले, की मी जाणार नाही?"

मी आठवून पाहिलं. थोडे दिवस राहते, एवढंच ती म्हणाली होती. बाकीचं मी ठरवलं होतं. जे तिने सांगितलं त्यानंतर ठरवायला काही शिल्लक आहे, असं मला वाटलं नव्हतं.

"त्या माणसाकडं परत जायचंय तुला?"

"ते मी ठरवत होते. तीन महिने तेच करत होते, आई. बुवा चुकले, त्यांना माहिती नव्हतं. तुला तर माहिती होतं ना? तरी तू माझ्या तोंडचं उत्तर दिलंस, ते पण अख्ख्या गावासमोर."

"मी बोलले नसते तर अध्यक्ष बोलला असता. उद्या जीप दारात आली असती."

"आली असती तर मी बसले नसते जीपमध्ये. मी काय पिशवी आहे, उचलून ठेवायला?"

तिचं म्हणणं बरोबर असेल. मला आजही वाटतं, की त्या वेळी दुसरं काही करता आलं नसतं. आम्ही दोघी या बाबतीत अजून भांडतो.

बुवा आरती करून आले. मी ताट वाढलं. उतारा माझ्याकडे होता, उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू नये. ते भगर चिवडत म्हणाले, "आक्का, मी सूनबाई म्हनलो तवाच तुमी लेक हाय म्हनला असता, तर..."

"तर लेकीची नक्कल केली नसती?"

बुवांनी खरं उत्तर दिलं. "केली असती. पन दादल्याचं इचारलं नसतं. गावच्या लेकीला ते इचारत न्हाईत."

"जेवा," मी म्हणाले.

दसऱ्याला सकाळी ते गेले. साडी घडी करून पडवीत ठेवली होती. मी ती फाडून गिरणीच्या तोंडाला कापडी नळी शिवली, जुनी विरली होती. पीठ चांगलं उतरतं तिच्यातून.

त्यानंतरचे दिवस मी ज्यांना जन्मभर दळून दिलं त्यांनी फुकट सल्ले देण्यात घालवले. बाकड्यावर डबा ठेवायच्या आणि सुरू व्हायच्या. "आगं, पोरीनं जरा दमानं घ्यावं." "पुरुषाचा राग दुधावानी, वर येतो आन खाली बसतो." शेजारीण तर डोळे पुसायला लागली. मी तिला म्हणाले, "तुजं दळण झालंय, डबा उचल." अध्यक्ष दोनदा येऊन गेला. "वैनी, आसं चारचौघांत बोलायचं आसतं का? गावाची आब्रू हाय." मी त्याला विचारलं, की यूट्यूबवरनं ते कधी काढताय. तिसऱ्यांदा तो आला नाही.

सासरच्यांना तर दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यांचा फोन नवऱ्याला आला. आवाज इतका मोठा, की गोठ्यातून मला ऐकू येत होता. बैठक कोजागिरीनंतर ठरली, आमच्याच पडवीत. तिकडून सहा माणसं, इकडून नवरा, त्याचा मोठा भाऊ आणि, कितीही टाळलं तरी, अध्यक्ष.

आदल्या संध्याकाळी लेकीने मला सांगितलं, "उद्या तू बोलायचं नाहीस. एक शब्दसुद्धा नाही. बोललीस तर मी उठून जाईन, आणि कुठं जाईन ते सांगणार नाही."

मी कबूल केलं. कबूल करणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दाराच्या आतल्या बाजूला बसून तासभर ती माणसं माझ्या पोरीविषयी बोलताना ऐकणं सोपं नव्हतं. नीट नांदली असती तर, मोबाईल नसता तर, आई अशी तोंडाळ नसती तर. अध्यक्ष म्हणाला, झालं गेलं विसरू, दोन्हीकडून समजूतदारपणा पाहिजे. तिकडच्या म्हाताऱ्याने, तिच्या सासऱ्याने, पेढ्यांचा पुडा आणलाच होता. तो मधोमध ठेवलेला. मी पदराचं टोक दातात धरलं होतं, सगळ्यांना वाटलं असेल लाजून.

शेवटी म्हातारा म्हणाला, "पोरीची आई तर भर मंडपात सांगून बसली, जायची न्हाई म्हनून. मग आता इचारायचं तरी काय?"

सगळे दाराकडे, माझ्याकडे बघायला लागले. मी बोलले नाही.

लेक आतून बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. मान वर होती.

"मला विचारा," ती म्हणाली. "मी येणार नाही. आई म्हणाली म्हणून नाही. ती म्हणाली तेव्हा मी ठरवलंही नव्हतं. मी परवा ठरवलं, आणि का ठरवलं ते तुमच्या मुलाला माहीत आहे, इथे सांगायला लावू नका."

म्हातारा काही बोलणार होता. त्याच्या शेजारी बसलेल्या जावयाने त्याच्या हाताला धरून त्याला गप्प केलं. त्यावरून सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. अध्यक्ष पेढ्यांच्या पुड्याकडे बघत बसला.

ती माणसं चहा न घेता गेली. पुडा तिथेच राहिला. लेक म्हणाली, "तो गोठ्यात टाक," आणि आत जाऊन अभ्यासाला बसली. पुढच्या परीक्षेच्या.